थर्मल कॅमेऱ्याने ताप तपासायचा तर...

2003 साली सार्स या श्वसनाच्या आजाराच्या साथीत सिंगापूरच्या विमानतळावर थर्मल कॅमेरे लागले. कोविडच्या काळात ते आपल्याकडच्या कारखान्यांच्या आणि रुग्णालयांच्या दारातही आले. हा कॅमेरा ताप मोजत नाही. तो त्वचेतून बाहेर पडणारी उष्णता टिपतो, आणि त्वचा ऊन, वारा, घाम यांनी लगेच तापते किंवा निवते. त्यामुळे निम्मे काम जागा निवडण्यातच असते.

कॅमेरा थेट दारात लावू नका. आतली अशी खोली घ्या, जिथे ऊन पोहोचत नाही आणि एसीचा किंवा पंख्याचा झोत चेहऱ्यावर येत नाही. हॅलोजनचा दिवा जवळ नको. खोलीचे तापमान 20 ते 24 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 50 टक्क्यांच्या आत हवी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे एसीशिवाय जमत नाही, तेव्हा त्याचा खर्च आधीच धरा. माणूस उभा राहील त्याच्या मागे काच, आरसा किंवा चकचकीत पत्रा नको, कारण उष्णतेचे किरण त्यावरूनही परावर्तित होतात.

नंतर कॅमेरा चालू करून पुस्तिकेत सांगितला असेल तेवढा वेळ स्थिर होऊ द्या. त्याच्यासोबत ‘ब्लॅकबॉडी’ घेतलीच पाहिजे. ही ठरावीक तापमानाला स्थिर राहणारी छोटी पेटी कॅमेऱ्याला दिसेल अशी ठेवली, की कॅमेरा तिच्याशी आपले आकडे ताडून पाहतो.

उन्हातून दुचाकीवर आलेल्या माणसाला लगेच समोर उभे करू नका. त्याला खोलीत किमान 15 मिनिटे बसू द्या. नुकताच चहा घेतला असेल, सिगारेट ओढली असेल किंवा तोंड धुतले असेल, तर अर्धा तास जाऊ द्या.

एका वेळी एकच माणूस. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याच्या उंचीला, अगदी समोर. टोपी, मास्क, चष्मा काढायला सांगा आणि कपाळावरचे केस मागे घ्यायला लावा. आकडा घ्यायचा तो डोळ्याच्या नाकाकडच्या आतल्या कोपऱ्याचा. तिथली त्वचा शरीराच्या आतल्या तापमानाच्या सर्वांत जवळ असते. कपाळ घामाने फसवते. चष्म्याच्या काचेतून हे किरण आरपार जातच नाहीत, म्हणून तो काढण्याचा आग्रह धरा. चालत्या गर्दीतले सगळे चेहरे एकदम तपासण्याचा दावा करणाऱ्या यंत्रांवर माझा विश्वास नाही.

त्वचेचा आकडा आतल्या तापमानापेक्षा कमी असतो. त्यामुळे तापाची 38 अंशांची रेघ जशीच्या तशी कॅमेऱ्याला लावली, तर ताप असलेले निसटतील. आधी तपासलेल्या निरोगी लोकांच्या सरासरीपेक्षा कोण ठळकपणे वर आहे, ते पाहणे जास्त भरवशाचे.

ज्याचा आकडा जास्त आला, त्याला चारचौघांत अडवू नका. बाजूला बोलवा, खुर्ची द्या आणि साध्या थर्मामीटरने ताप पाहा. कॅमेऱ्याच्या आकड्यावरून कुणालाही आजारी ठरवू नये.

संसर्ग झालेल्या प्रत्येकाला ताप येतोच असे नाही. शिवाय पॅरासिटामॉलची गोळी घेऊन आलेला कामगार कॅमेऱ्यात निरोगीच दिसेल. रोजंदारी बुडेल या धास्तीने माणसे ती घेतातच. म्हणून कॅमेरा लावण्याआधी, ताप निघाल्यास त्या दिवसाचा पगार कापला जाणार नाही, अशी सूचना दारावर लावा.