स्नोशू की स्पाइक्स? बर्फावर पाऊल टाकून ठरवा

हिवाळी डोंगरवाटेवर पायात काय चढवायचं, ते पायाखालच्या बर्फावरून ठरवा. वाटेच्या कडेला, न तुडवलेल्या बर्फात पूर्ण वजन टाकून एक पाऊल ठेवा. बूट साधारण १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त रुतला तर स्नोशू (वजन पसरवून बर्फात रुतू न देणारी, बुटाखाली बांधायची रुंद चौकट) घाला. तुडवून घट्ट झालेल्या वाटेवर स्पाइक्स (बुटावर चढवायचे धातूचे छोटे दात) पुरतात.

ही चाचणी सकाळी एकदाच करून भागत नाही. रात्री गोठलेला वरचा थर सकाळी वजन पेलतो, पण दुपारच्या उन्हाने मऊ पडतो आणि पाय मांडीपर्यंत आत जातो. थकून उतरताना असं झालं की गुडघा मुरगळू शकतो. म्हणून सकाळी वाट टणक दिसली तरी स्नोशू पाठपिशवीला बांधलेले असूच द्या. शिवाय बुटांनी पाडलेले खड्डे रात्री गोठतात आणि मागून येणाऱ्यांची वाट खराब होते.

ओल्या बर्फाचा गोळा स्पाइक्सखाली चिकटला की दात जमिनीला टेकतच नाहीत. बुटाच्या कडेवर काठी आपटून तो झाडत राहा. गोठलेला तिरका उतार आडवा कापताना स्नोशू घसरतात. तिथे क्रॅम्पॉन (बुटाला घट्ट बांधायचे मोठे टोकदार दात) आणि बर्फात रोवायची कुऱ्हाड म्हणजे आइस अ‍ॅक्स हवीच, आणि ती वापरण्याचा सरावही.

३० ते ४५ अंशांच्या उघड्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक असतो. पायाखाली ‘धप्प’ असा आवाज आला किंवा पावलासरशी बर्फात तडा धावला, तर आलेल्या वाटेनेच मागे फिरा.