प्लेको माशाचा आहार आणि निगा : कोल्हापूरच्या घरगुती टँकसाठी

नवा टँक घेणाऱ्याच्या पिशवीत गोल्डफिशच्या जोडीबरोबर बोटाएवढा, काळपट, ठिपक्याठिपक्यांचा एक मासा हमखास येतो, तोच प्लेको. दुकानात त्याला सकर म्हणतात आणि ‘हा काच साफ ठेवतो, याला वेगळे खाणे लागत नाही’ असे सांगून तो दिला जातो. यातला पहिला भाग अर्धवट खरा आहे आणि दुसरा साफ खोटा. प्लेको काचेवरचे मऊ, हिरवे शेवाळ खरवडून खातो हे खरे, पण काळे, केसाळ शेवाळ तो सहसा सोडून देतो. इतर माशांची विष्ठा तो मुळीच खात नाही, उलट त्याची स्वतःची विष्ठा लांब दोऱ्यांसारखी इतकी पडते की टँकमधील घाण त्याच्यामुळे वाढते. शेवाळ संपल्यावर त्याला वेगळे खाणे मिळाले नाही तर तो महिनोन्‌महिने हळूहळू खंगत जातो, किंवा रात्री झोपलेल्या गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्याच्या त्वचेवरील चिकट आवरण ओरबाडू लागतो. टँकच्या सफाईचे काम मालकाने स्वतःकडे ठेवावे आणि या माशाला इतर माशांप्रमाणे रोजचे जेवण द्यावे, या पायावरच पुढील सर्व सूचना उभ्या आहेत.

कोणता प्लेको घ्यावा

दुकानांत सर्रास मिळणारा सकर हा बहुधा टेरिगोप्लिक्थिस कुळीतील, दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा मासा असतो. पाठीवरचा पर त्याने उभारला की त्यात दहा किंवा अधिक काड्या मोजता येतात, आणि ती त्याची सोपी खूण आहे. हा मासा 30 ते 45 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि चांगली निगा राखल्यास 10 ते 15 वर्षे सहज जगतो. त्याला किमान 6 फूट लांब, 2 फूट रुंद आणि 2 फूट उंच टँक लागतो. अशा टँकमध्ये सुमारे 680 लिटर पाणी मावते, म्हणजे केवळ पाण्याचेच वजन 680 किलो होते. पेठांमधील जुन्या घरांच्या लाकडी माडीवर तो ठेवण्याचा विचारही करू नये.

माझ्या मते साध्या घरासाठी ब्रिसलनोज प्लेको हाच योग्य मासा आहे. तो 12-13 सेंटिमीटरवर थांबतो, शेवाळ खाण्यात मोठ्या सकरपेक्षा उजवा असतो आणि 3 फूट लांब, 1 फूट रुंद, दीड फूट उंच टँकमध्ये, म्हणजे सुमारे 125 लिटरमध्ये, सुखाने राहतो. वयात आलेल्या नराच्या नाकाडावर फांद्या फुटल्यासारख्या मऊ मिशा येतात. पिल्लांना त्या नसतात, त्यामुळे लहान मासा घेताना दुकानदाराला जात नीट विचारूनच घ्यावी.

निवड करताना मासा काचेला चिकटलेला असताना समोरून त्याचे पोट पाहावे. ते सपाट किंवा किंचित फुगीर असावे. आत ओढलेले पोट आणि खोल गेलेले डोळे दिसले तर तो मासा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण इतका उपाशी राहिलेला प्लेको पुढे चांगले खाणे मिळूनही अनेकदा सावरत नाही. डोळ्यांचे निरीक्षण करताना एक मौज दिसते: भर उजेडात बुबुळाचा एक पडदा वरून खाली उतरून बाहुली अर्धचंद्रासारखी होते. तो आजार नव्हे.

मोठा झालेला सकर रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडणे अनेकांना पुण्यकर्म वाटते, परंतु ते थेट नुकसानीचे आहे. उजनी जलाशयात हा मासा मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात, त्याला बाजारात गिऱ्हाईक नसते आणि तो काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो. म्हणून विकत घेण्यापूर्वीच, मोठा झाल्यावर परत घ्याल का, हे दुकानदाराला विचारून ठेवावे.

टँकची मांडणी

प्लेको निशाचर आहे, त्यामुळे दिवसा दडून बसायला त्याला अंधारी जागा लागते. अर्धी करवंटी कडेला खाच पाडून पालथी घालावी, किंवा कुंभाराकडचे बिनरंगाचे, बिनचकाकीचे लहान मडके आडवे ठेवावे. एकापेक्षा अधिक प्लेको असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र आडोसा हवा, कारण दोन नर एका जागेसाठी भांडतात.

लाकूड हा त्याच्या घराचा आवश्यक भाग आहे. त्यावर साचणारा जिवाणू-शेवाळाचा पातळ थर तो दिवसरात्र खरवडतो. पेरूचे पूर्ण वाळलेले मूळ किंवा जाड फांदी साल काढून, एक-दोन तास उकळून आणि मग दोन आठवडे पाणी बदलत भिजवून ठेवली की तळाशी बसते. पाण्याला चहासारखा रंग आला तरी घाबरू नये. चीक, राळ किंवा उग्र तेल असलेली लाकडे, विशेषतः नीलगिरी आणि कडुनिंब, टाळावीत.

दगडांच्या बाबतीत आपल्या भागातील काळा दगड निर्धोक असतो, मात्र त्याच्या पोकळ्यांत पांढरे थर असतील तर त्यांवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून पाहावेत. बुडबुडे आले तर तो दगड पाण्याचा क्षार वाढवील, म्हणून वापरू नये. तळाला टोकदार खडीऐवजी गुळगुळीत बारीक रेती घालावी, कारण प्लेकोचे तोंड आणि पोट सतत तळाशी घासत असते.

फिल्टर टँकच्या मापाला लागतो त्याहून एक पायरी मोठा घ्यावा. नवा टँक भरल्यावर त्यात उपयुक्त जिवाणू, म्हणजे विष्ठेतून तयार होणारा विषारी अमोनिया संपवणारे जिवाणू, वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर प्लेको आणू नये, कारण एकतर त्या पाण्यात अमोनिया वाढतो आणि दुसरे म्हणजे काचेवर त्याच्यासाठी अजून काही उगवलेलेच नसते.

आहार

प्लेकोचे आतडे लांब आणि वेटोळ्याचे असते. थोडे थोडे, सतत आणि मुख्यतः वनस्पतिजन्य खाण्यासाठी ते बनलेले आहे. त्यामुळे वरून टाकलेल्या तरंगत्या दाण्यांवर तो जगू शकत नाही. ते दाणे गोल्डफिश खाली पोहोचूच देत नाहीत. रोज रात्री दिवा बंद केल्यानंतर बुडणारी शेवाळाची किंवा स्पिरुलिनाची (सूक्ष्म निळ्या-हिरव्या शेवाळाची) गोळी टाकावी. ब्रिसलनोजला एक लहान गोळी पुरते, तर मोठ्या सकरला तीन-चार लागतात. सकाळी गोळीचा चुरा शिल्लक दिसला तर प्रमाण कमी करावे, आणि काहीच उरत नसून पोट आत जात असेल तर वाढवावे. गोळ्यांच्या पाकिटावरील मापापेक्षा माशाच्या पोटावर अधिक विश्वास ठेवावा.

आठवड्यातून दोन-तीन वेळा ताजी भाजी द्यावी. कपिलतीर्थ किंवा लक्ष्मीपुरीच्या मंडईत मिळणाऱ्या भाज्यांपैकी काकडी, दुधी, दोडका, लाल भोपळा, पालक आणि सोललेले मटार या माशाला मानवतात. बाजारच्या भाजीवर फवारणीचा अंश असू शकतो, म्हणून ती अर्धा तास पाण्यात ठेवून, चोळून धुवावी, आणि काकडी-दुधीची साल काढावी. जाड काप उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून लगेच गार पाण्यात टाकला की तो मऊ होतो आणि बुडतो. तरीही काकडी तरंगते, तेव्हा तिच्यात स्टीलचा काटा-चमचा खोचून ती तळाशी बसवावी. मीठ, हळद किंवा तेल यांचा स्पर्शही होऊ देऊ नये, त्यामुळे स्वयंपाकातली उकडलेली भाजी काढून देणे चुकीचे आहे. पहिल्या एक-दोन रात्री प्लेको नव्या भाजीकडे फिरकत नाही. एकदा चव कळली की मात्र सकाळी कापाचा मधला गर पूर्ण खरवडलेला आणि कडेचे पातळ वर्तुळ तेवढे शिल्लक राहिलेले आढळते. ते वर्तुळ आणि उरलेसुरले तुकडे सकाळीच काढावेत. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात भाजी लवकर सडून पाणी दुधाळ होते, म्हणून त्या दिवसांत काप पाच-सहा तासांहून अधिक ठेवू नये.

प्रथिनांसाठी आठवड्यातून एकदा सोललेल्या कोळंबीचा लहान तुकडा किंवा गोठवलेले ब्लडवर्म (बारीक लाल अळ्या) पुरेसे होतात. मांसाहार याहून वाढला तर त्याचे पोट फुगते. चपाती, भाकरी, बिस्किटे आणि, आपल्याकडे पाहुण्यांची लहान मुले हौसेने टाकतात ते, चुरमुरे आणि भडंग यांना टँकच्या झाकणाजवळही येऊ देऊ नये. भडंगाला लागलेले तेल-तिखट पाण्यात उतरते आणि भिजलेला चुरमुरा फिल्टरच्या स्पंजात जाऊन सडतो.

पाणी, थंडी आणि पुराचे दिवस

दर आठवड्याला पाव ते तृतीयांश पाणी बदलावे आणि त्याच वेळी नळीने तळातील विष्ठा ओढून काढावी. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळावा, कारण नळातील क्लोरिनने त्यातील जिवाणू मरतात. नळाचे पाणी अँटी-क्लोरिन (क्लोरिन घालवणारे औषध) घालून किंवा बादलीत चोवीस तास एअर पंप लावून ठेवून मगच वापरावे. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ झाले की शुद्धीकरणात क्लोरिनचे प्रमाण वाढू शकते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ही काळजी दुप्पट घ्यावी. गढूळपणा घालवण्यासाठी घरच्या घरी तुरटी फिरवू नये. बोअरचे पाणी वापरायचे असल्यास ते फार क्षारयुक्त नाही ना हे तपासावे आणि हवा देऊन एक रात्र मुरू द्यावे. पाण्याची आम्लता दाखवणारा पीएच 6.5 ते 7.5 च्या दरम्यान असला म्हणजे पुरे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो अचानक बदलता कामा नये.

तापमान 24 ते 28 अंश सेल्सिअस ठेवावे. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापूरच्या रात्री चांगल्याच गार असतात आणि लहान टँक पहाटेपर्यंत 20 अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा प्लेको खाणे सोडून कोपऱ्यात निपचित बसतो. शंभर लिटरला शंभर वॉटचा हीटर हे ढोबळ प्रमाण चालते. हीटरला जाळीचे आवरण हवेच, कारण ऊब पाहून हा मासा त्याच्या काचेलाच चिकटतो आणि पोट भाजून घेतो. गोल्डफिशला गार पाणी मानवते आणि प्लेकोला उबदार. त्यामुळे दुकानातून एकाच पिशवीत आलेली ही जोडी खरे तर एका टँकमध्ये ठेवण्यासारखी नाही.

2019 आणि 2021 च्या महापुरात पाणीउपसा केंद्रांत पाणी शिरून शहराचा नळपुरवठा बंद पडला होता, आणि अशा दिवसांत विजेचाही भरवसा नसतो. म्हणून पंचगंगेची पातळी चढू लागल्याच्या बातम्या सुरू होताच टँकचे पाणी एकदा बदलून घ्यावे, शक्य तेवढे पाणी झाकून साठवावे आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ ठेवावा. पुरवठा सुरळीत होईपर्यंत खाणे दिवसाआड आणि अगदी थोडे द्यावे. पोट भरलेला मोठा प्लेको काही दिवस उपाशी राहू शकतो, पण सडलेले खाणे त्याला मारते. पाण्यात प्राणवायू कमी झाला की तो झेप घेऊन पृष्ठभागावरून हवा गिळतो, कारण त्याला पोटावाटेही श्वास घेता येतो. एखाद्या वेळी असे करणे नैसर्गिक आहे, मात्र दर काही मिनिटांनी तो वर जात असेल तर पाणी बिघडले आहे असे समजावे. तो जिवंत आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण टँकमधील इतर माशांना ही सोय नसते आणि ते आधी दगावतात. वीज अनेक तास बंद राहिली असेल तर बंदिस्त फिल्टरमध्ये साचलेले पाणी फेकून मगच तो पुन्हा सुरू करावा.

आजार आणि हाताळणी

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाल्यास तापमान हळूहळू 30 अंशांपर्यंत नेऊन हवेचे प्रमाण वाढवावे. तांबे असलेली औषधे आणि मिठाचा मोठा डोस प्लेकोला सोसत नाही. दुकानातून ‘सर्व रोगांवर’ म्हणून मिळणारी निळी-हिरवी बाटली ओतण्यापूर्वी तिच्यातील घटक वाचावेत.

मासा पकडण्यासाठी जाळी वापरू नये. घाबरल्यावर तो परांचे काटे ताठ करतो, ते जाळीत अडकतात आणि सोडवताना मोडतात. प्लास्टिकचा डबा पुढे धरून त्याला आत हाकलावे. नेण्यासाठीही पिशवीपेक्षा झाकणाचा डबा बरा, कारण काट्यांनी पिशवी फुटते.

ब्रिसलनोजची जोडी जमली तर मादी मडक्यात नारिंगी अंड्यांचा घोस घालते आणि नर दाराशी बसून पर हलवत त्यांची राखण करतो. त्या दिवसांत तो खायला बाहेर येत नाही, म्हणून त्याला आजारी समजून मडके उचलू नये. साधारण आठवडाभरात पिल्ले निघतात, पोटाखालची बलकाची पिशवी संपली की बाहेर पडतात, आणि तेव्हापासून त्यांना उकडलेल्या पालकाचे पान व काकडीचा पातळ काप रोज लागतो. एका वेळी पन्नासएक पिल्लेही निघू शकतात, तेव्हा ती घेणारा दुकानदार किंवा ओळखीचा हौशी माणूस आधीच पाहून ठेवावा.