टेम्परेचरचा काटा चढतो, पण इंजिन खरंच तापतंय का?

घोडबंदर रोडवर गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये काटा लालजवळ, गाडी पळाली की खाली. असं दिसलं की संशय आधी रेडिएटर फॅनवर घ्यावा. माझ्या गाडीत फॅन मात्र वेळेवर लागत होता. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) ९२ अंश दिसत होते. म्हणजे इंजिन ठीक, काटा खोटा. जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, वेगळा असतो, म्हणून हा फरक पडू शकतो.

हेडलाइट आणि ब्लोअर लावताच काटा आणखी वर सरकला. ही खूण मीटरच्या खराब अर्थिंगची. अर्थिंगचा बोल्ट गंजला होता. (पावसाळ्यातली आपली हवा, दुसरं काय!) पॉलिश पेपरने घासून घट्ट आवळला, काटा जागेवर.

सेन्सरही तपासलाच. थंड असताना त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध) साधारण अडीच हजार ओहम, गरम झाल्यावर काहीशे. रेझिस्टन्स सलग उतरायला हवा, मध्येच उडी मारली तर सेन्सर बाद.

थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) भांड्यातल्या पाण्यात तापवून पाहावा. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास, बहुधा ८२ ते ८८ला, तो उघडतो. काही मेकॅनिक तो काढूनच टाकतात. तसं करू देऊ नका, इंजिन थंड राहतं आणि अॅव्हरेज पडतं.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. भरताना हीटर फुल ठेवून रेडिएटर फॅन दोनदा लागेपर्यंत इंजिन चालवलं की अडकलेली हवा निघते. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नये, वाफेने हात भाजतो.