शिशाच्या पट्टीतलं पहिलं पॅनल: काच कापण्याआधीची तयारी

रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्टीने जोडून केलेलं (स्टेन्ड ग्लास) पहिलं पॅनल फूटभर बाय फूटभर पुरे, आणि तुकडे पंधरा-वीसच्या वर नकोत. रंगीत काच बघून हात शिवशिवतात, पण आधी कागद घ्या. नक्षी पूर्ण मापात काढा आणि दोन तुकड्यांमधली रेघ पेन्सिलीने नाही, दीड मिलिमीटरच्या मार्करने ओढा. शिशाच्या पट्टीचा छेद इंग्रजी 'एच'सारखा असतो. तिचा मधला दांडा साधारण तेवढाच जाड. काच या रेघेच्या आत राहिली पाहिजे. प्रत्येक तुकडा अर्धा मिलिमीटर मोठा राहिला तर सहा तुकड्यांच्या ओळीत पॅनल ३ मिलिमीटरने फुगतं आणि चौकटीत जात नाही. म्हणून ग्राइंडर नसला तरी कडा घासायला कार्बोरंडमचा दगड हवाच.

पट्टी विकत घेताना काचेचा तुकडा सोबत न्या आणि खाचेत बसवून बघा. जाड पोताची काच बऱ्याचदा अडते. घरी आणलेली पट्टी वापरण्याआधी ताणायची असते: एक टोक शेगड्यात (व्हाइसमध्ये), दुसरं पकडीत, आणि सरळ होईपर्यंत सावकाश ओढ. पाय घट्ट रोवा, टोक सुटलं तर मागे आपटाल. बाहेरच्या कडेला 'यू' छेदाची पट्टी चालते. जस्ताची जास्त ताठ असते, पण ती करवतीने कापावी लागते.

प्लायवूडवर दोन लाकडी पट्ट्या गुण्याने (सुताराच्या काटकोनी मापाने) तपासून काटकोनात ठोका. जुळणी या कोपऱ्यातून सुरू होते. तुकडे जागच्या जागी धरायला नालबंदाचे चपटे खिळे मिळाले तर उत्तम. खिळा आणि काच यांच्यामध्ये शिशाचा छोटा तुकडा ठेवा, नाहीतर कडेची कपची उडते. शिसं कापायची सुरी खाली दाबू नका, डावी-उजवीकडे डोलवत उतरवा. दाबली की खाच चेपते. आडवी पट्टी उभीच्या पंखाखाली, म्हणजे 'एच'च्या बाजूच्या दांड्याखाली, सरकेल इतकी आखूड कापायची.

डाखासाठी (सोल्डरिंगसाठी) ६०/४० कथील-शिसं, फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून सांध्याला लावायचं द्रव्य) आणि तारेचा ब्रश. सांधा चकचकीत दिसेपर्यंत घासा. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, डाखाचं मिश्रण १९०च्या आसपास. म्हणून तापमान कमी-जास्त करता येणारं सोल्डरिंग आयर्नच घ्या आणि आधी उरलेल्या पट्टीवर हात बसवा. टेकवलं, पसरलं, उचललं. रेंगाळलात तर पट्टीलाच भोक पडतं.

शिसं विषारी, म्हणून हे काम स्वयंपाकघरात करायचं नाही, मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही, खिडकी उघडी हवी. चहा बाहेर, तोही हात साबणाने धुऊन. टेबल झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

शेवटी खाचांत भरायची लांबी (पुट्टी): खडूची भुकटी, उकळलेलं जवसाचं तेल, थोडं टर्पेंटाइन आणि काजळी. ती ब्रशने पंखाखाली दाबून भरायची, वर कोरडी भुकटी टाकून जादा तेल शोषून घ्यायचं. पॅनल काही दिवस आडवं ठेवायला रिकामी सपाट जागा आत्ताच बघून ठेवा. तेलाच्या चिंध्या बोळा करून कचऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा बाहेर पसरून वाळवा.