ऑफसेट मशीनच्या दुरुस्तीत लाल बटणावर विसंबू नका

आयटीआय करून मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका छापखान्यात मेंटेनन्सला लागलो, तेव्हा चाररंगी ऑफसेट मशीनची रचना मला तोंडपाठ होती आणि तेवढ्यावर आपण सुरक्षित आहोत, अशी माझी समजूत होती. दुसऱ्याच वर्षी, बेदाण्याचे बॉक्स छापण्याच्या हंगामात, ती समजूत मोडली. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे टोक आजही थंडीत ठणकते. त्यामुळे सूर कुठे कठोर झाला, तर समजून घ्यावे.

दुसऱ्या युनिटच्या (दुसरा रंग छापणाऱ्या भागाच्या) ग्रिपरमध्ये, म्हणजे कागद पकडणाऱ्या चिमट्यांत, कागदाचा तुकडा अडकला होता. मी डिलिव्हरीकडचे, म्हणजे छापलेला कागद बाहेर पडतो त्या टोकाचे, लाल इमर्जन्सी बटण दाबले, गार्ड (संरक्षक झाकण) उघडले आणि दोन युनिटांच्या मधल्या जागेत वाकून हात आत घातला. तेवढ्यात छपाईची प्लेट चढवायला आलेल्या हेल्परला ते बटण दाबलेले दिसले. रात्रपाळीने तसेच सोडले असेल असे समजून त्याने ते फिरवून मोकळे केले, रिसेट दिला आणि इंचिंगचे, म्हणजे मशीन थोडेथोडे फिरवायचे, बटण दाबले. घंटा वाजली, पण हात बाहेर निघण्याइतका अवधी मिळाला नाही. सिलिंडर, म्हणजे छपाईचा रूळ, जेमतेम चार बोटे फिरला असेल. टाके मिरजेत पडले. त्या मुलाचा दोष नव्हता, हे मी तेव्हाही सांगितले होते.

इमर्जन्सी बटण मशीन थांबवते, मशीनचा पुरवठा तोडत नाही. पॅनेलमध्ये ४१५ व्होल्ट तसेच असतात आणि ते बटण कोणीही, कोणत्याही क्षणी, तुम्हाला न विचारता मोकळे करू शकतो. म्हणून हात आत घालण्यापूर्वी मेन आयसोलेटर (मशीनचा सगळा वीजपुरवठा तोडणारा स्विच) बंद करावा, त्याला स्वतःचे कुलूप लावावे, नावाची पाटी अडकवावी आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवावी. दोघे काम करत असतील तर कुलपेही दोन हवीत. त्यानंतर इंचिंगचे बटण दाबून मशीन खरोखरच हलत नाही ना, हे पाहावे. एवढ्यानेही काम संपत नाही, कारण अनेक मशीनवर सिलिंडरचे इम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर एकमेकांवर दाबले जाणे, हवेच्या दाबावर लागते-सुटते. हवेचा कॉक बंद करून, साठलेली हवा सोडून, गेजचा काटा शून्यावर आलेला डोळ्यांनी पाहावा. ड्राइव्ह (मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण) उघडायचा असेल, तर त्यातल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये पुरवठा तोडल्यावरही साडेपाचशेहून अधिक डीसी व्होल्ट काही मिनिटे टिकतात. ड्राइव्हवर लिहिलेला वेळ पूर्ण थांबावे आणि मग मीटरने मोजावे. तो मीटर चालतो आहे, हे आधी चालू लाइनवर तपासलेले असावे.

ब्लँकेट, म्हणजे सिलिंडरवरचे रबरी आवरण, धुण्यासारख्या कामात सिलिंडर फिरवावाच लागतो. तेव्हा ज्याचा हात आत जाणार, बटणही त्याच्याच ताब्यात असावे. थोडे फिरवावे, थांबवावे, मग पुसावे. फिरत्या सिलिंडरवर, विशेषतः दोन सिलिंडर जिथे एकमेकांकडे आत वळतात त्या फटीजवळ, चिंधी कधीही नेऊ नये. चिंधी ओढली गेली की मूठ उघडायलाही वेळ मिळत नाही.

माझ्या अपघाताच्या वेळी गार्ड उघडे असूनही मशीन हलले, कारण गार्ड उघडताच मशीन बंद ठेवणारा त्याचा लिमिट स्विच एका जुन्या मिस्त्रींनी वायर टाकून शॉर्ट केलेला होता. रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग नेमका बसवणे, जुळवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता आणि मी त्यांच्याकडून पुष्कळ शिकलो. तरीही माझे मत पक्के आहे की जो लिमिट स्विच शॉर्ट करतो, त्याच्याकडून सुरक्षितता शिकू नये. धोकादायक भागांना संरक्षक आवरण घालण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने घातले होते. ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ हे म्हणणे म्हणूनच मला पटत नाही.

सुरुवातीला कुलूप लावताना लोक घाई करतील, मालक घड्याळ पाहतील आणि तुम्हाला संकोच वाटेल. मलाही वाटला. पण साधारण महिनाभरात सगळ्यांनाच सवय झाली. मी माझे कुलूप गणपती पेठेतून स्वतःच्या पैशांनी आणले. त्याची दुसरी किल्ली घरी, कपाटात असते.