वाढदिवसाची आठवण आठवडाभर आधी

फेसबुकवरची वाढदिवसाची सूचना बहुधा त्याच दिवशी दिसते, आणि तोवर परगावच्या माणसाला भेट पाठवण्याची वेळ निघून गेलेली असते. त्यासाठी फोनमधील गूगल कॅलेंडरमध्ये त्या तारखेची नोंद करून ती दरवर्षी येईल अशी ठेवावी आणि तिला दोन सूचना जोडाव्यात : एक आठवडाभर आधीची, दुसरी त्याच दिवसाची. नोंदीत जन्मवर्षही लिहावे, म्हणजे साठी किंवा पंचाहत्तरी निसटत नाही.

वडीलधाऱ्यांची तारीख मात्र त्यांनाच विचारून घ्यावी, कारण शाळेत नाव घालताना अनेकांची जन्मतारीख सरसकट १ जून लिहिली गेली आणि तीच पुढे सर्व कागदपत्रांवर चालत आली. तिथीने वाढदिवस करणाऱ्यांची नोंद दरवर्षी पंचांग पाहून बदलावी लागते.