युरोपातल्या हॉस्टेलात कुणाशीच ओळख झाली नाही? या चुका टाळा

प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट हा पाठीवर सॅक टाकून फिरणाऱ्यांचा ठरलेला मार्ग. प्रागहून व्हिएन्ना रेल्वेने साधारण ४ तास, पुढे बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत-बाहेर. अंतरं एवढी कमी दिसली की आपली मंडळी त्याच आठवड्यात ब्रातिस्लावा आणि साल्झबुर्गही कोंबतात. परतल्यावर तक्रार ठरलेली: फोटो ढीगभर, पण कुणाशी धड बोलणं झालं नाही.

होणार कसं? हॉस्टेलातली पहिली संध्याकाळ सामान लावण्यात आणि झोप काढण्यात जाते. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर कुणीतरी ‘आज कुठे?’ असं विचारतं, आणि बेत जुळतो तिसऱ्या दिवशी. तोवर तुम्ही पुढच्या गाडीत. एका शहरात किमान ३ रात्री काढा. ब्रातिस्लावा तर व्हिएन्नाहून रेल्वेने तासाभरावर आहे, मुक्काम कशाला?

घाईचं मूळ बऱ्याचदा व्हिसाच्या फाइलीत असतं. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) राहण्याची बुकिंग दाखवावी लागतात, म्हणून सगळा प्रवास घरीच गोठवला जातो. शुल्क न कापता रद्द होणारी बुकिंग करा, म्हणजे एखादी रात्र वाढवता येते. मात्र ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार म्हणून त्याच देशाकडे अर्ज केलात, तो बेत उलटापालटा करू नका.

यातली सगळ्यात महाग चूक बुडापेस्टला होते. नवी मित्रमंडळी म्हणतात, ‘चल, बेलग्रेडला जाऊ.’ त्यांच्यातल्या अनेकांना व्हिसाच लागत नाही, त्यामुळे हे त्यांच्या डोक्यातही येत नाही. बेलग्रेड सर्बियात आहे, आणि सर्बिया शेंगेनमध्ये नाही. तुमच्या व्हिसावर एकच प्रवेश असेल, तर सीमा ओलांडली की तो संपला. परतीचं विमान बुडापेस्टहून असलं तरी हंगेरीत पुन्हा शिरता येत नाही. हो म्हणण्याआधी पासपोर्ट उघडून प्रवेशांचा रकाना बघा. दोन प्रवेश किंवा ‘एमयूएलटी’, म्हणजे अनेक प्रवेश, असतील तरच परत येण्याचा विचार करा, आणि सर्बियाचे नियम वेगळे तपासा. तोच मोह क्रोएशियातल्या झाग्रेबचा असेल तर ही अडचण नाही, कारण तो देश २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे.

हॉस्टेल निवडताना फक्त भाडं बघणं ही पुढची चूक. बुडापेस्टच्या सातव्या जिल्ह्यात, म्हणजे पडक्या इमारतींमधल्या प्रसिद्ध बारांच्या परिसरात, निव्वळ पार्टीसाठी चालणारी हॉस्टेलं आहेत. ज्याला पहाटेपर्यंतचा गोंगाट नको, त्याने तिथे राहून कुरकुर करू नये. फोटोंत मोठं स्वयंपाकघर आणि बसायची सामाईक खोली दिसते का ते बघा. प्रागमध्ये ‘पब क्रॉलला (घोळक्याने एकामागून एक पब फिरायला) जाऊ, तिथे ओळखी होतील’ हा हिशोबही आता जुना झाला: एजन्सींनी रात्री १० नंतर काढायच्या पब क्रॉलवर तिथल्या महापालिकेने २०२४ मध्ये बंदी आणली. त्यापेक्षा सकाळचा, शेवटी गाइडला खुशीने पैसे द्यायचा पायी फेरफटका बरा. चालता चालता बोलणं आपोआप निघतं.

दोघं-तिघं मराठी मित्र सोबत असाल तर सामाईक खोलीत कोंडाळं करून मराठीत गप्पा मारू नका. बाहेरचा माणूस त्यात शिरणार नाही. आणि पहाटे ५ वाजता दहा जणांच्या खोलीत प्लास्टिकच्या पिशव्या कुरकुरवल्यात, तर नाश्त्याला कुणी जागा करून देणार नाही. सॅक रात्रीच भरून ठेवा.

स्वयंपाकघर ही मात्र हमखास जागा. कांदेपोहे केलेत की चार जण वाकून बघतातच. फक्त फोडणी मंद आचेवर आणि खिडकी उघडून करा. मोहरी तडतडून धूर झाला तर अलार्म वाजून अख्खं हॉस्टेल रस्त्यावर येऊ शकतं. व्हिएन्नात रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद असतात, भाजी शनिवारी आणा.

खर्चात ‘आज मी देतो, उद्या तू दे’ चालवू नका, उद्या तो दुसऱ्या देशात असतो. ज्याचं त्याने द्यावं, यात कुणाला वाईट वाटत नाही. प्रागमध्ये कोरुना, म्हणजे तिथलं चलन, घेताना रस्त्यावरच्या माणसाकडून कधीच नाही. अधिकृत दुकानात वाईट दर लागला, तर १,००० युरोपर्यंतचा व्यवहार ३ तासांत रद्द करता येतो, पावती जपा.

गप्पांच्या नादात एक गोष्ट हमखास राहते: तिकीट. प्राग आणि बुडापेस्टमध्ये कागदी तिकीट घेऊन भागत नाही, त्यावर यंत्रातून शिक्का उमटवावा लागतो. सोबतचा म्हणेल, ‘इथे कुणी तपासत नाही.’ तपासनीस आला की दंड ज्याचा त्याने भरायचा.